गवतराव आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मात्र 'जरा जवळ उभे राहा, हसा' असे म्हणणाऱ्यांच्या हातातला मी नव्हे. मला पट्ट्याने झाडाला बांधतात आणि एकट्याला मागे ठेवून निघून जातात. समोरून एखादा प्राणी गेला की मी आपला आपण त्याचा फोटो काढतो. म्हणून मला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे फोटोचा सापळा, असे म्हणतात. माझ्या सापळ्यात सापडलेल्याच्या केसालाही धक्का लागत नाही, असे मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता सांगत नाही. का, तेच तुम्हाला सांगायचे आहे. ऐकताना माझी कीव मात्र करू नका. या गोष्टीत कीव करण्याजोगे दुसरे कोणी आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या छातीत एक लहानसा डोळा बसवला. काचेचा मोठा डोळा वेगळा. हा लहान डोळा चित्र पाहत नाही, ऊब पाहतो. समोर काही उबदार हलले की तो मोठ्या डोळ्याला जागे करतो. बाईने माझ्यासमोरून हात फिरवला आणि मी तो तत्काळ टिपला. "हा भलताच चलाख आहे गं," ती शेजारणीला म्हणाली. आयुष्यातली ही माझी पहिली शाबासकी. ती मला बाधली, असे आता वाटते.

सुरुवातीला मी एका टेकडीवर होतो. ऊन, वारा, डोक्यावर पक्ष्यांची घाण, सगळे सोसले. एका सकाळी समोरून रानमांजर गेले. जाताना ते थांबले, वळले आणि त्याने थेट माझ्याकडे पाहिले. तो फोटो मोठा करून वाचनालयाच्या भिंतीवर लावला गेला. येणारेजाणारे त्याच्यापुढे थांबत. फोटोखाली माझे नाव नव्हते, तरी माझी मान ताठ झाली. त्या दिवसापासून मला फोटो काढायची हाव सुटली. पान हलले, टिप. सावली सरकली, टिप. ऊठसूट टिपत राहिलो.

पुढे मी ते वाचनालय असलेल्या गावात आलो. तिथे प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. दवाखान्याचे काम सांभाळून त्या आसपासच्या रानटी प्राण्यांची पाहणी करत. हाताशी पगारी माणूस एकही नव्हता, म्हणून त्यांनी गावालाच कामाला लावले. कोणी आपल्या परसात कॅमेरा बांधायचा, कोणी ओढ्याकाठी. निघालेले फोटो एका संकेतस्थळावर चढवायचे. ते कोणीही घरबसल्या पाहावेत आणि सांगावे की हा ससा, हा कोल्हा, हे रानडुक्कर. काहीच दिसले नाही तर 'रिकामा' असे बटण दाबावे. एक फोटो अनेकांना दाखवला जाई. पहिल्या पाचही जणांनी 'रिकामा' म्हटले की तो बाजूला पडे, पुन्हा कोणापुढे येत नसे. एकाची चूक दुसरा सांभाळून घेईल, असा त्यामागचा विचार. तो चांगलाच होता. पण पाचही जण एकाच गोष्टीला एकाच वेळी कंटाळले तर काय, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

माझा सांभाळ घड्याळवाले काका आणि शिवणकाम करणाऱ्या काकू या जोडप्याकडे होता. एकाच गाळ्यात त्यांची दोन दुकाने होती. डाव्या हाताला काकांचे टेबल, त्यावर चिमटे, भिंगे आणि पोटे उघडी पडलेली घड्याळे. उजव्या हाताला काकूंचे शिवणयंत्र. मधोमध संगणक, त्याच्यावर दोघांचाही हक्क. काका इतके हळवे, की टेबलावर मुंगी आली तर मऊ ब्रशने तिला कागदावर घेऊन बाहेर सोडून येत आणि मगच घड्याळ उघडत. "यांच्याकडे घड्याळं दुरुस्त होतात, पण वेळेवर मिळत नाहीत ती या मुंग्यांमुळे," असे काकू गिऱ्हाइकाला सांगत. काकूंना अभिमान होता तो नजरेचा. "माझ्या डोळ्यांखालून एक टाका सुटून दाखवा," असे त्या म्हणत आणि ते खरेही होते. फोटो पाहण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

एके दिवशी रस्तेखात्याचे इंजिनिअर साहेब घड्याळाचा पट्टा बदलायला आले. डॉक्टरबाई तिथेच बसल्या होत्या. गावाबाहेर एक ओढा रस्त्याखालून जाऊन तळ्याला मिळत असे. रस्त्याखाली पाण्यासाठी सिमेंटची मोरी होती.

"मॅडम, त्या मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवायची आहे," साहेब म्हणाले. "कचरा जाऊन तळं तुंबतंय. पण आतून काही जनावरं ये-जा करत असतील तर सांगा. खाली हातभर जागा मोकळी सोडतो. मला काय, काम तेवढंच. नसतील तर सगळीच बंद करतो."

"कॅमेरा लावते आणि कळवते," बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात पाणमांजर होते. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्यांना एकदा ओले पंजे उमटलेले दिसले होते.

कामगिरी माझ्यावर आली. बाईंनी काकांना नीट समजावले. "काका, पाणमांजर पाण्यातून निघालं की वरून पाण्याइतकंच गार असतं. याच्या डोळ्याला ते दिसेलच असं नाही. म्हणून याची जाग, म्हणजे ऊब ओळखायची ताकद, अगदी वरच्या टोकाला ठेवा. आणि समोरचं गवत मुळापासून काढा बरं का. उन्हात तापलेलं गवत हललं तरी हा टिपत बसेल."

काकांनी मला मोरीसमोरच्या झाडाला बांधले, विळ्याने समोरचे गवत कापले आणि शेवटच्या एका झुबक्यापाशी त्यांचा हात थांबला. एका जाड काडीला कोष चिकटलेला होता. आत सुरवंट झोपलेला. काका उकिडवे बसून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विळा पिशवीत टाकला. तिथूनच त्यांनी बाईंना फोन लावला. पलीकडून काय विचारले ते मला ऐकू आले नाही. काका म्हणाले, "हो हो, काढलं की गवत." ते अगदी खोटे नव्हते. पुरते खरेही नव्हते.

आणि मग, मित्रांनो, माझा खरा पराक्रम सुरू झाला. दुपारी ऊन पडे, ती काडी तापे, वारा येई, काडी माझ्यासमोर डुले आणि मी टिपे. सकाळी टिपे, दुपारी टिपे, कलत्या उन्हातही टिपे. आपण किती काम करतो, या विचाराने मी हरखून जात असे. एखादा शहाणा असता तर ही काडीच आहे हे दोन दिवसांत ओळखून गप्प बसला असता. पण माझे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

काका फोटो साठवायचे कार्ड बदलायला येत आणि माझ्याशी बोलत. "अरे बाबा, तुझे गवतराव फार प्रसिद्ध झालेत हो," एकदा ते म्हणाले. फोटो पाहणाऱ्यांनीच त्या काडीचे नाव गवतराव ठेवले होते. कोणी लिहिले होते, 'आज गवतरावांनी भांग उजवीकडे पाडला आहे.' कोणी लिहिले होते, 'गवतराव, घरचे सगळे बरे ना?' काका हसत हसत सांगत होते. पण सांगताना ते काडीकडे पाहत आणि नजर चोरत. पाच-दहा दिवसांत लोकांची थट्टाही आटली. मग सगळे नुसते 'रिकामा', 'रिकामा', 'रिकामा' दाबत सुटले. लांडगा आला रे आला, अशी हाक मारणाऱ्या गुराख्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. मी तर लांडग्याचे नावही न घेता नुसते गवत आले रे आले, असे ओरडत होतो.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला अजूनही जड जाते.

एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, ती आली. त्या दिवशी ती पाण्यातून आली नाही. काठच्या वाळूत लोळून तिने अंग कोरडे केले होते, त्यामुळे तिची ऊब मला कळली. चपटे डोके, राठ मिशा, जाड शेपटी. ती मोरीच्या तोंडाशी थांबली आणि मागे वळून तिने कोणाला तरी बोलावल्यासारखी शीळ घातली. मी टिपायला गेलो. अंधारात फोटो निघावा म्हणून मी एक उजेड फेकतो, तो माणसांना दिसत नाही. त्या उजेडाला बॅटरी लागते. माझी बॅटरी कशात गेली होती, हे सांगायला नको. उजेड जेमतेम गवतरावांपर्यंत पोहोचला. मागे ती होती तिथे करड्या काळोखात दोन फिके ठिपके तेवढे उमटले. त्यानंतर माझे डोळे मिटले ते काकांनी नवी बॅटरी घातली तेव्हाच उघडले.

तो फोटो इतर फोटोंच्या मागोमाग संकेतस्थळावर गेला. पाच जणांनी पाहिला. पाचही जणांनी गवतराव पाहिले आणि 'रिकामा' म्हटले. पाचांपैकी एक आमच्या काकू होत्या. त्या दिवशी त्यांच्यापुढे शर्टांचा ढीग होता. एका हाताने काजांचे दोरे तोडत त्या दुसऱ्या हाताने बटण दाबत होत्या.

पाहणीची ठरलेली मुदत संपली. बाईंनी इंजिनिअर साहेबांना लेखी कळवले, की मोरीतून प्राण्यांची ये-जा आढळली नाही. मी अजून झाडावरच होतो. माझ्या देखत दोन कामगार आले, ठिणग्या उडाल्या आणि मोरीचे तोंड वरपासून खालपर्यंत बंद झाले. मी त्या कामगारांचेही फोटो काढले. ते मात्र अगदी स्वच्छ आले.

ती त्यानंतर जाळीपाशी आली असेलच. पाण्यातून येऊन तिने गजांना नाक लावले असेल, इकडून तिकडे फिरली असेल. पण पाण्यातून आलेली ती गार होती आणि मला ती कळली नाही. न काढलेल्या त्या फोटोंची मला फार लाज वाटते.

काकांनी मला दुकानात आणून घड्याळांच्या फळीवर ठेवले. एका सकाळी डॉक्टरबाई आल्या आणि काकूंच्या यंत्रापाशी स्टुलावर बसल्या. टपालवाल्याला रस्त्यावर, अगदी त्या मोरीच्या वर, एक मेलेले पाणमांजर सापडले होते. कोणत्या तरी गाडीखाली आले होते. पोत्यात गुंडाळून तो ते दवाखान्यात घेऊन आला होता.

"मादी आहे," बाई म्हणाल्या. "दूध आटत आलेलं. म्हणजे पिल्लं आहेत, पण मोठी झालेली. मासे धरता येत असतील तर जगतील. पण मासे तळ्यात आहेत, पिल्लं ओढ्यात आणि मधे रस्ता. आईनं दाखवलेल्या वाटेनंच ती येणार, आणि मोरीची वाट आता बंद आहे." मग त्या म्हणाल्या, "मी लिहून दिलं ना, की कोणी येत-जात नाही."

काकांनी हातातले घड्याळ खाली ठेवले. काकूंनी यंत्र थांबवले, दुकान अर्धे बंद केले आणि संगणकापुढे बसल्या. बाजूला पडलेले सगळे फोटो बाईंनी त्यांना उघडून दिले. गवतराव डावीकडे, गवतराव उजवीकडे, गवतराव वाकलेले, गवतराव ताठ. काकूंनी एकही फोटो घाईने पुढे ढकलला नाही. जेवायलाही उठल्या नाहीत. काकांनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला परत नेला.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अहो, इकडे या."

त्यांनी फोटोचा उजेड वाढवला होता. काडीच्या मागे दोन ठिपके होते. ठिपक्यांखाली मिशांची पुसट रेघ होती. शेपटीची कड अंधारात विरून गेली होती. खाली पाच मतांची नोंद होती आणि तिसऱ्या मतावर काकूंचे नाव.

"मी दाबलंय हे," काकू म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांखालून टाका सुटत नाही म्हणे! आख्खं जनावर सुटलं."

"नाही, चूक माझी आहे," काका म्हणाले आणि त्यांनी कोषाची, विळ्याची आणि फोनवरच्या उत्तराची सगळी हकीकत सांगितली. सांगताना ते घड्याळांकडे पाहत होते. "म्हणजे अर्धी माझी, अर्धी तुझी..."

"अर्धी-अर्धी फाडून घ्यायला हा काय कापडाचा तुकडा आहे? सगळी माझी, आणि सगळी तुमचीही."

फोटोंमध्ये काकांना आणखी एक दिसला होता. त्यात कोष फुटलेला होता आणि काडीवर एक पतंग ओले पंख वाळवत बसला होता. त्यांनी तो काकूंना दाखवला. "तो जगला गं. मी त्याला वाचवलं ते चुकलं का?"

काकूंनी फोटो निरखून पाहिला. "वाचवलंत ते बरोबर केलंत. पण कॅमेरा दोन हात सरकवायला काय झालं होतं? शेजारी दुसरं झाड नव्हतं?"

होते. शेजारीच होते. काकांना ते आठवले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही फळीवरून ऐकत होतो. गवतरावांवर खापर फोडून मला सुटता आले असते, पण नाचता येईना अंगण वाकडे म्हणण्यातला तो प्रकार झाला असता. गवतराव बिचारे वाऱ्यावर डुलत होते. हाव मला होती.

बाईंनी वेळ घालवला नाही. साहेबांना दुकानातच बोलावून त्यांनी तो फोटो पुढे ठेवला. साहेबांनी फोटो पाहिला. मग ते म्हणाले, "मॅडम, कागद तुमच्याच सहीचा आहे. मी तर आधी विचारलं होतं."

"हो. तुम्ही विचारलंत आणि मी चुकीचं सांगितलं," बाई म्हणाल्या. "वर कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. पण जाळी उद्याच कापून द्या. पिल्लं थांबणार नाहीत."

साहेब भले गृहस्थ. दुसऱ्या दिवशी जाळीचे खालचे गज हातभर कापले गेले. वरच्या कचेरीतून मात्र बाईंना विचारणा झाली, की तुमच्या बाकीच्या पाहणीवर तरी भरवसा ठेवायचा कसा. बाईंनी फोटो पाहणाऱ्या सर्वांना घडलेले जसेच्या तसे कळवले. कोणाचेही नाव न घेता कळवायची त्यांची इच्छा होती, पण काकूंनी आपले नाव आग्रहाने घालायला लावले. काही लोकांनी रागाने काम सोडले. काहींनी आपापले जुने 'रिकामे' फोटो पुन्हा उघडले.

मला पुन्हा मोरीपाशी नेले. काडीवर आता रिकामा कोष होता. काकांनी तो अलगद सोडवून खिशात ठेवला, गवत मुळापासून काढले आणि या वेळी बाईंना फोन करून म्हणाले, "पुरतं काढलं. येऊन बघून जा." मग त्यांनी मला थोडे उंच, कोरड्या वाळूकडे तोंड करून बांधले, म्हणजे अंग वाळवायला कोणी आले तर मला कळावे.

बरेच दिवस काहीच आले नाही. दुकानात रोज माझे कार्ड पाहिले जाई आणि रोज बाई एकच प्रश्न विचारत. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहायला शिकत होतो.

शेवटी एका पहाटे दोन अर्धवट वाढलेली पिल्ले वाळूत येऊन लोळली, एकमेकांच्या अंगावर पडली, उठली आणि गजांखालून तळ्याकडे निघून गेली. ती गजांखाली शिरण्याआधीच मी फोटो काढला. बॅटरी भरलेली होती, फोटो लख्ख आला. काकांनी दुकानात तो पाहिला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. काकूंनी तो पुन्हा पुन्हा पाहून मगच 'पाणमांजर, दोन' असे नोंदवले. तो फोटोही वाचनालयाच्या भिंतीवर लागला, माझ्या जुन्या रानमांजराच्या शेजारी.

मित्रांनो, आता माझे पाणी अडवणारे रबर फाटले आहे, काचेवर बुरशीचा डाग पडला आहे आणि मी कायमचा घड्याळांच्या फळीवर आलो आहे. तुमच्यापैकी कोणी ना कोणी उद्या असे फोटो पाहायला बसेल. त्यातले बहुतेक रिकामेच असतील, हे आधीच सांगून ठेवतो. कंटाळा आला तर खुशाल उठा, पाणी प्या, पाय मोकळे करून या. दुसऱ्या दिवशी पाहा. पण न पाहता 'इथे कोणी नाही' असे म्हणू नका. तुमच्या त्या शब्दावर कोणी तरी वाट बंद करत असते. आणि माझ्यासारखा एखादा कॅमेरा झाडाला बांधाल, तेव्हा त्याला फार शाबासकी देऊ नका, पण त्याच्यासमोरचे गवत तेवढे पाहा. गवतात कोणी झोपले असेल तर त्याला झोपू द्या. दोन हात सरकायला आम्हाला काही त्रास होत नाही.

वाचनालयात तो फोटो पाहून लोक आनंदाने म्हणतात, "अगंबाई, दोघं आहेत!" मला तो फोटो पाठ आहे. पिल्ले गजांखाली शिरण्याआधी क्षणभर थांबली आहेत आणि दोघांनीही माना मागे वळवल्या आहेत. त्यांच्या मागे वाळू आहे, वाळूवर कोणी नाही. फोटोतला तेवढाच भाग रिकामा आहे आणि तो माझ्यामुळे आहे.